चौथीच्या वर्गातील चित्रकलेचा तास

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास शोधावयाचा असेल तर तो बहुधा आठवड्याच्या शेवटी, मधल्या सुट्टीनंतर, मुले दमलेली असताना सापडतो. चाचणी परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून घेतात. हा व्यवहार हातउसन्याचा म्हणून होतो. परंतु त्याची परतफेड झाल्याचे कोणत्याही शाळेच्या दप्तरात नोंदलेले आढळत नाही. पालकही त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. गणिताचा एक तास बुडाला तर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दालनात चार पालक दिसतात. चित्रकलेचे वर्षभराचे तास बुडाले तरी त्याची चर्चा घरी जेवणाच्या ताटावरही होत नाही.

याला कायद्याचीही साथ आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असे म्हटले आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. तेथे वर्गशिक्षकानेच सर्व विषय शिकवावेत, अशी अपेक्षा आहे. मग भाषा, गणित आणि परिसर अभ्यास सांभाळून उरलेल्या शक्तीत जे होईल ते चित्रकलेच्या वाट्याला येते. वास्तविक सहा ते दहा ही वर्षे मुलाच्या हातातील रेषेची सर्वांत मोकळी वर्षे असतात. ज्या वयात जाणता शिक्षक सर्वाधिक हवा त्याच वयात तो नाही, असा हा हिशेब आहे.

त्या तासाला होते काय? फळ्यावर दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळाचे झाड. चाळीस मुले ते वहीत उतरवून घेतात. ज्याचे डोंगर फळ्यावरच्या डोंगरांसारखे उतरले त्याला दहापैकी नऊ. ज्या मुलाने नदीत म्हैस बसविली त्याला विचारले जाते, "ही कुठून आली रे?" आता त्या म्हशीची हकीकत त्या मुलापाशी नक्कीच असते, आजोळच्या गावी त्याने ती पाहिलेली असते. परंतु प्रश्नाचा सूर असा असतो की पुढच्या आठवड्यात म्हैस येत नाही.

नकलेची ही पद्धत केवळ आळसातून आलेली नाही. मुंबईत कलाशाळा स्थापन व्हावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाई या व्यापाऱ्याने १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये ती शाळा सुरू झाली. तिच्या शिक्षणक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. त्या पद्धतीत विद्यार्थ्याने प्रथम कागदावरील नमुन्याच्या रेषा हुबेहूब उतरवावयाच्या, मग ठोकळे व साचे काढावयाचे आणि पुष्कळ पुढे गेल्यावर स्वतःचे काही करावयाचे, असा क्रम होता. कारखान्यांना व कारागिरीला लागणारा अचूक हात तयार करणे, हा तिचा हेतू. मोठ्या वयाच्या, व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातून लाभही झाला. महाराष्ट्रात आजही विद्यार्थी ज्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा देतात, त्यांतील स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन हे विषय त्याच परंपरेचे आहेत, आणि त्या परीक्षा माध्यमिक वयाच्या मुलांसाठी आहेत. चूक झाली ती पुढे. चौदा वर्षांच्या मुलाची शिस्त सात वर्षांच्या मुलावर चढविली गेली, एवढेच नव्हे तर शिस्त गळून पडली आणि नक्कल तेवढी उरली.

लहान मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली प्रत नसून स्वतंत्र वस्तू आहे, हे युरोपात प्रथम ठासून मांडणाऱ्यांत व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांचे नाव घेतले जाते. विद्यार्थिदशेत एका सुताराच्या घरी राहत असताना त्या घरची मुले चित्रे काढताना त्यांनी पाहिली आणि १८९७ साली मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला. मुलांना नमुना न देता स्वतःचे काढू द्यावयाचे, हे त्या वर्गाचे वैशिष्ट्य. त्याच व्हिएन्नात तयार झालेले आणि पुढे अमेरिकेत शिकविणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या वयानुसार अवस्था मांडल्या. त्यांच्या सर्वच निष्कर्षांवर नंतर मतभेद झाले. तथापि प्राथमिक शाळेतील शिक्षकाला आणि घरातील आईला त्यांतील काही निरीक्षणे आजही उपयोगी पडतात.

सात-आठ वर्षांच्या मुलाला आपल्या दुकानाचे चित्र काढावयास सांगून पाहावे. कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ येईल, ती जमीन. वर एक निळा पट्टा येईल, ते आकाश. मध्ये काही नाही, कारण मुलाच्या मते आकाश वर असते आणि जमीन खाली असते, आणि हे खोटे म्हणता येत नाही. गादीवर बसलेले आजोबा कपाटाहून मोठे असतील. काउंटर वरून पाहिल्यासारखा चौकोनी दिसेल, गिऱ्हाइके मात्र समोरून उभी दिसतील. भिंत असूनही आतील तिजोरी दिसेल, आणि कदाचित तिजोरीच्या आतील नोटाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे बाहेरच्या बाजूस आडवी पडलेली असतील, जणू रस्ता मधोमध ठेवून कागद दोन्हीकडे उलगडला आहे. मूल डोळ्याला एका जागेवरून दिसते ते काढीत नाही. त्याला जे ठाऊक आहे आणि जे महत्त्वाचे वाटते ते काढते. आजोबा मोठे आहेत, म्हणून मोठे.

हे पाहून हसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्या आठवाव्यात. समवसरणाचे चित्र तेथे वरून पाहिल्यासारखे, वर्तुळाकार कोटांचे, चार दिशांना द्वारे असलेले असते. मध्यभागी विराजमान तीर्थंकर मात्र समोरून दिसतात. दोन दृष्टी एकाच पानावर सुखाने नांदतात. तो चित्रकार परंपरेत मुरलेला आणि मूल अजाण, हा भेद मोठा आहे व तो पुसण्याचे कारण नाही. परंतु ज्या मांडणीपुढे ज्ञानभांडारात हात जोडले जातात, ती मुलाच्या वहीत दिसताच तांबड्या शाईने खोडली जावी, हे विचित्र आहे.

नऊ-दहा वर्षांच्या सुमारास या मोकळेपणाला ओहोटी लागते. मूल स्वतःच्या चित्राकडे मोठ्यांच्या डोळ्यांनी पाहू लागते. "माझा घोडा घोड्यासारखा दिसत नाही," असे म्हणून कागद चुरगाळते. खोडरबर पेन्सिलीपेक्षा अधिक चालते. बहुसंख्य माणसे आयुष्यभर "मला चित्र येत नाही" असे जे सांगतात, त्याचा उगम पुष्कळदा चौथी-पाचवीच्या याच वर्षात असतो. गणित जमत नाही म्हणून कोणी गणित सोडू देत नाही. तेथे शिकवणी लागते, मामा बसतो, काका बसतो. चित्र जमत नाही असे मूल म्हणाले की घरातील सर्वांना सुटल्यासारखे वाटते.

या वेळी शिक्षकाने काय करावे? मुलाच्या कागदावर स्वतः घोडा काढून देऊ नये, हे पहिले. त्या एका कृतीने चित्र सुधारते आणि मूल हरते. त्याऐवजी घोडा पाहावयास शिकवावे. त्याचा मागचा पाय कोणत्या बाजूला वाकतो? मान खांद्यापासून निघते की छातीपासून? घोडा नसेल तर वर्गाबाहेर बसलेले कुत्रे चालेल, कोपऱ्यातील छत्री चालेल. पाच मिनिटे नुसते पाहावे, मग वस्तू झाकून काढावे, मग पुन्हा उघडून ताडून पाहावे. "छान" हा शब्द शक्यतो टाळावा. तो उदारपणे वाटला जातो आणि त्यामुळे त्याची किंमत राहत नाही. "हे कोण आहे? याच्या हातात काय आहे?" असे विचारले तर मूल बोलू लागते आणि बोलता बोलता राहिलेले तपशील आपणहून भरते. भिंतीवर लावावयाची तर सर्वांची चित्रे लावावीत, पहिल्या तिघांचीच नव्हे. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख घालावी. जूनचा कागद आणि मार्चचा कागद शेजारी ठेवले की प्रगतीपुस्तकाला जे सांगता येत नाही ते दिसते.

चित्राइतकाच संकल्पचित्राचा, म्हणजे नक्षीच्या मांडणीचा, विषय या वयाला मानवतो. व्यापारी घरातील मुलाला तर तो परका नसावा. लुगड्याचा काठ, बांगडीवरील वेल, मिठाईच्या खोक्यावरील छाप यांच्यातच ते वाढत असते. तिसरी-चौथीच्या वर्गात रुमालाचा एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. तीस सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्यावा आणि कडेने चार सेंटिमीटर लांबीची एकच आकृती ओळीने बसवावयास सांगावी. मुले एका कोपऱ्यापासून आरंभ करतात. सात आकृत्या बसतात आणि दोन सेंटिमीटर उरतात. कोणी शेवटची आकृती दाबून बसवितो, कोणी कापतो, कोणी चिडतो. शिक्षकाने लगेच उत्तर सांगू नये. थोड्या वेळाने कोणाच्या तरी लक्षात येते की काठ तीन सेंटिमीटर रुंद ठेवला आणि चारही कोपऱ्यांत तीन सेंटिमीटरचे वेगळे चौकोन काढून त्यांत दुसरेच फूल बसविले, तर मध्ये नेमके चोवीस सेंटिमीटर उरतात आणि सहा आकृत्या नीट बसतात. काठ वळताना कोपऱ्यात वेगळे बूट का येते, हे त्या मुलाला आता कोणी सांगावे लागत नाही. कापडाच्या दुकानात तो मोठ्यांच्या शेजारी उभा राहून रुमाल उलटून पाहू लागतो.

याच कामासाठी शिक्षक ठसे वापरतात, आणि पुस्तकांतून बहुतेक ठिकाणी बटाटा कापून ठसा करावा असे लिहिलेले असते. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरातून मुलाने बटाटा आणावयाचा कोठून? हा प्रश्न शिक्षकाला सुचत नाही, आणि मूल भिडेने बोलत नाही. ते शेजाऱ्याचा बटाटा वापरते किंवा "विसरलो" म्हणून हात बांधून बसते. येथे पालकांनी आधीच शिक्षकांशी बोलावे. भेंडी आडवी कापली तर तिचे पाच पाकळ्यांचे फूल बटाट्यावर कोरलेल्या कोणत्याही आकाराहून सुरेख उमटते. पर्युषणात हिरवी भाजीही नको असेल तर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला दोरा, पेनाचे टोपण, रिकामे रीळ, कापडाच्या तुकड्याची घडी हे सर्व ठसेच आहेत. कुंचल्यांच्या बाबतीतही एक गोष्ट सांगावयास हवी. जलरंगाचे मऊ कुंचले खारीसारख्या प्राण्यांच्या केसांचे आणि ताठ कुंचले डुकराच्या केसांचे करण्याची जुनी पद्धत आहे. आता नायलॉनचे कृत्रिम केसांचे कुंचले सर्वत्र मिळतात, मुलांच्या आडदांड हाताळणीत ते टिकतातही. विकत घेताना तेवढे विचारून घ्यावे.

मुलांच्या कलाशिक्षणाचा गंभीर प्रयोग कोठे झाला हे पाहावयास व्हिएन्नापर्यंत जाण्याची गरज नाही, वर्धा पुरते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नव्या बुनियादी शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात मूलोद्योग केंद्रस्थानी असला तरी चित्रकला व संगीत यांनाही स्थान होते. सेवाग्रामच्या शाळेत १९४४ साली कलाशिक्षक म्हणून आले देवीप्रसाद. जन्म १९२१ चा, डेहराडूनचा; शिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. खानदेशातील फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन झाले तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून बांबू आणि तत्सम स्थानिक साहित्यातून मंडपाची सजावट उभारणारे नंदलाल बोस ते हेच. स्वस्त साहित्य आणि उच्च अभिरुची यांचे वैर नाही, हे शिष्याला गुरूकडूनच मिळालेले होते.

सेवाग्रामचे वातावरण कलेला अनुकूल होते, असे सहज म्हणता येणार नाही. टकळीवर किती तार निघाली याचा हिशेब ठेवणारी ती शाळा. जे मोजता येते त्याला मान होता. अशा ठिकाणी मुलाने एक तासभर रंगात हात बुडवून बसावे, यातून शाळेच्या जमेच्या बाजूला काहीच पडत नव्हते. देवीप्रसाद यांनी मुलांची चित्रे जपली, त्यांचा अभ्यास केला आणि त्यावर प्रथम हिंदीत पुस्तक लिहिले. त्यांचा बालकलाविषयक विचार पुढे नॅशनल बुक ट्रस्टने इंग्रजीतही प्रसिद्ध केला. हर्बर्ट रीड या इंग्रज समीक्षकाने १९४३ च्या ग्रंथात कला हाच शिक्षणाचा पाया असावा असे प्रतिपादन केले होते. देवीप्रसाद त्याच विचाराचे, परंतु त्यांचा रोख अधिक स्पष्टपणे अहिंसेकडे होता. ज्या मुलाला हाताने घडविण्याचे सुख मिळाले आहे, त्याचा मोडतोडीकडे ओढा कमी राहतो, असा त्यांचा विश्वास. १९६२ मध्ये ते लंडनला गेले आणि युद्धविरोधी कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस झाले. चित्रकलेचा मास्तर शांततेच्या चळवळीत गेला, हे पाहून काहींना नवल वाटले असेल; त्यांच्या लेखी ते एकच काम असावे. कुंभारकामही त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. २०११ साली त्यांचे निधन झाले.

व्यापारी समाजात या सर्वावर एक जुना आक्षेप आहे: चित्रे काढून पोट भरते काय? त्याला तितकेच जुने उत्तर दिले जाते की नक्षीकार, वेष्टनकार, दागिन्यांचे आराखडे करणारे यांना आज चांगले मोल आहे, आणि दुकानाच्या काचेतील मांडणीवर विक्री अवलंबून असते. हे खरे आहे. कोणताही सराफ आपल्या कारागिराच्या आराखड्याचे मोल जाणतो. तरीही सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे उत्तर अपुरे, किंबहुना थोडे घातक आहे. पोटाचा हिशेब आला की स्पर्धा येते, स्पर्धा आली की सुट्टीतील वर्ग येतो, आणि त्या वर्गात शिक्षक स्पर्धेसाठी चित्र "बसवून" घेतो. पारितोषिकाचा चषक दिवाणखान्यात येतो. चित्र कोणाचे, हे मुलाला ठाऊक असते.

आणखी एक धोका नव्या धोरणातून संभवतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवावेत, असा आग्रह आहे. हेतू उत्तम आहे. परंतु वर्गात त्याचा अर्थ पुष्कळदा "फुलाचे भाग काढून नावे द्या" एवढाच होतो आणि चित्रकलेचा तास झाला असे मानले जाते. अशाने कला ही विज्ञानाची आणि भूगोलाची कारकून बनते. बालभारतीने "खेळू, करू, शिकू" या पुस्तकात शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला एकत्र आणले आहेत, त्यात मुलाने स्वतः करून पाहावे असे पुष्कळ आहे. पण पुस्तक उघडले गेले तर.

या समाजातील अनेक कुटुंबे शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, आणि देणगीच्या बाबतीत हात आखडता नसतो. इमारत, बाक, संगणक, थंड पाण्याचे यंत्र यांवर नावाची पाटी लावता येते. रंगाच्या डब्यावर ती लावता येत नाही, ही अडचण खरीच. पण लागते किती थोडे! चाळीस मुलांच्या वर्गाला तांबडा, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच रंग मोठ्या बाटल्यांतून पुरतात; उरलेले रंग मुलांनी मिसळून शोधावेत, तोच अर्धा अभ्यास आहे. चपटे कुंचले, पाण्यासाठी जुने डबे, खाली पसरावयास वर्तमानपत्रे. कागदाचा खर्च तर व्यापाऱ्यांच्या गावात शून्यावर आणता येईल. गेल्या वर्षाच्या कॅलेंडरांची कोरी बाजू, साडीच्या खोक्यांतील पुठ्ठे, तागे गुंडाळण्याच्या नळ्या, शिंप्याकडील चिंध्या, छापखान्यातील कडांच्या पट्ट्या दर आठवड्याला कचऱ्यात जातात. फक्त जुन्या चोपड्यांची कोरी पाने देऊ नयेत. चोपडापूजन झालेली वही मुलांच्या पायाखाली आलेली घरच्या वडिलांना रुचणार नाही, आणि मागच्या पानांवरील उधारीची खाती वर्गाने वाचावीत असेही कोणाला वाटणार नाही.

पैशापेक्षा अवघड आहे ते वेळेचे. पस्तीस मिनिटांच्या तासात कागद, रंग व पाणी वाटण्यात दहा मिनिटे जातात, धुण्यापुसण्यात दहा, आणि हातात पंधरा राहतात. पंधरा मिनिटांत फक्त नक्कलच होऊ शकते. दोन सुटे तास देण्याऐवजी तेच दोन तास सलग दिले तर वाटप व साफसफाई एकदाच होते आणि पन्नास मिनिटे मिळतात; शाळेचा एक मिनिटही अधिक खर्च होत नाही. वर्गाजवळ एक नळ मात्र हवा. वेळापत्रक जूनमध्ये भिंतीवर लागते, परंतु ते ठरते त्याआधी, उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या सभेत. त्या सभेला विश्वस्त आणि पालक प्रतिनिधी हजर असतात, आणि हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यास अध्यक्षांच्या अनुमतीखेरीज आणखी काही लागत नाही.